आठच्या आत

"सात पूर्णांक सहा. आठच्या आत आहे की, मावशी. काढा लशी," डॉक्टर फ्रीजमधल्या तापमापीकडे बघत म्हणाले.

मावशींनी किल्ली मुठीतच ठेवली. "नाही काढता येणार, साहेब."

पहाटे दोन तास वीज गेली होती. बाहेर बाकांवर चाळीसेक बायका लेकरं मांडीवर घेऊन ताटकळल्या होत्या.

मावशी बावीस वर्षं या दवाखान्यातल्या लशी सांभाळत होत्या. दहावी नसल्यामुळे पद मात्र मदतनिसाचंच राहिलं होतं. यंदा लेकीने हट्टाने त्यांना परीक्षेचा फॉर्म भरायला लावला. गणिताने मावशींच्या नाकी नऊ आणले होते.

"ही तापमापी कमी दाखवते," त्या म्हणाल्या. "मागच्या महिन्यात तपासनिसांनी नवी आणून शेजारी ठेवली, तेव्हा पॉइंट सहाचा फरक निघाला. तुमच्या कानावर घातलं होतं मी."

"पॉइंट सहाने काय आभाळ कोसळतंय?"

मावशींनी खोक्याचा पुठ्ठा फाडून, तापमापीवरच्या आकड्याला क्ष धरून पेन्सिलीने लिहिलं: क्ष + ०.६ ≤ ८. खाली, क्ष ≤ ७.४. लस गोठूही नये, म्हणून दुसऱ्या बाजूला क्ष + ०.६ ≥ २, म्हणजे क्ष ≥ १.४. मग आडवी रेघ ओढून दोन्ही आकड्यांवर भरीव टिंबं दिली आणि मधला भाग गडद केला.

"टिंबापर्यंत चालतं. आपण इथे आहोत." त्यांनी ७.६ वर फुली मारली. फुली गडद भागाच्या बाहेर होती, जेमतेम नखाएवढी.

डॉक्टरांनी पुठ्ठा हातात घेतला. "हे कुठे शिकलात?"

"असमानतांचा धडा आहे. लेकीने तीनदा रडवलं त्यात."

"मग बाहेर तुम्हीच सांगा. आणि लशींच्या वहीत सहीही तुमचीच करा. उद्या वरून विचारलं तर मी नाही बोलणार."

आजवर त्या वहीत मावशींची सही कधी नव्हती. त्यांनी पूर्ण नाव लिहिलं.

आज लस नाही म्हणताच बाहेर एकच गलका झाला. "बावीस वर्षांत आजच बरं सुचलं!" एक बाई ओरडली. दुसरी, तान्ह्या मुलीला घेऊन दोन बस बदलून आलेली, उठली. तिने दुपट्याची घडी घातली.

आठवड्याने वरून कागद आला: फरक बरोबर आहे, साठा नष्ट करावा. डॉक्टरांनी तो वाचून फाईलला लावला. बायकांना कोणी काही सांगितलं नाही.

नव्या लशी आल्या त्या दिवशी दोन बसवाली बाई पुन्हा आली. मावशींकडे न बघताच तिने विचारलं, "आज तरी आहे ना?"

"आहे," मावशी म्हणाल्या, आणि तिला बसायला जागा व्हावी म्हणून बाकावरचं खोकं उचलून घेतलं.