बोलावून आणेपर्यंत

"हॅलो, मी घुग्घुसवरून बोलून राह्यलो. गॅसची टाकी सांगून वीस दिवस झाले. बायको चुलीवर रांधून राह्यली आन् मी इथी तुमचं गाणं आयकून राह्यलो."

जलालभाई एका टेबलावरून हे बोलत होते आणि हातभर अंतरावरच्या दुसऱ्या टेबलावर मी कानाला हेडफोन लावून बसले होते. त्यांच्या घरी टाकी वेळेवर येत होती आणि घुग्घुसशी त्यांचा काडीचा संबंध नव्हता. दिवसाला शंभर खोटे फोन करायचे, ही त्यांची नोकरी होती. कधी ते बहिरे म्हातारे व्हायचे, कधी भडकलेले ठेकेदार, कधी नुसतेच लाजरेबुजरे गिऱ्हाईक. आमचं सॉफ्टवेअर फोन नीट उचलतं का, योग्य टेबलाकडे पाठवतं का, नोंद बरोबर करतं का, हे त्यातून कळायचं. ठेकेदार झाले की ते इतकं मनापासून रागवायचे की खालच्या सायकलवाल्याने एकदा वर येऊन भांडण सोडवायचा प्रयत्न केला होता.

ही दोन हजार तीन सालच्या डिसेंबरातली गोष्ट. जटपुरा गेटच्या आत, त्या सायकलच्या दुकानावर आमची कंपनी होती. कंपनी म्हणजे दोन खोल्या आणि अकरा माणसं. पियुषभाऊ मूळचे आरमोरीचे. वडिलांची धानाची गिरणी सोडून ते पुण्याला इंजिनिअर झाले आणि कॉल सेंटरचं सॉफ्टवेअर चंद्रपुरात बसूनही करता येतं, हे जगाला दाखवायला परत आले. जगाने अजून पाहिलं नव्हतं. त्यांचा पहिला नोकर जलालभाई आणि तिसरी मी, सावली गावची रंजीता.

जलालभाई आधी एका कोळसा खाणीच्या ऑफिसात टेलिफोनच्या बोर्डावर होते. कामगाराच्या गावाहून फोन आला की माणूस खाणीतून वर येईपर्यंत लाइन धरून ठेवायची, असली कामं त्यांनी अठरा वर्षं केली. मग नवं यंत्र आलं, बोर्ड गेला आणि बोर्डासोबत तेही गेले. पुढे त्यांनी एसटीडीचा बूथ टाकला, तो मोबाइलने खाल्ला. तेव्हा वयाच्या चौपन्नाव्या वर्षी ते पियुषभाऊंकडे येऊन खोटे फोन करू लागले. घरी सलीमाभाभी आणि डी.एड.ला असलेली मुलगी आयत. आयतचं शेवटचं वर्ष पार पडेपर्यंत आपण कुठेतरी टिकावं, एवढीच त्यांची इच्छा होती आणि ती ते कुणालाही सांगायचे.

आणि नेमकी त्यांचीच नोकरी मी खात होते. खोटे फोन आपोआप करणारा प्रोग्राम पियुषभाऊंनी मला लिहायला सांगितला होता आणि तो तयार होत आला होता. शुक्रवारी त्यांनी जलालभाईंना आत बोलावून पहिल्या जानेवारीपासून तुमचं काम उरणार नाही, असं सांगितलं. दवाखान्याचं कंत्राट मिळालं तर मात्र कुठेतरी सामावून घेईन, असंही म्हणाले. जलालभाई बाहेर आले आणि मला त्या प्रोग्रामबद्दल एक शब्द बोलले नाहीत. उलट डब्यातला खिमा दिला.

दवाखाना म्हणजे नागपूरकडचा डोळ्यांचा एक धर्मादाय दवाखाना. गावोगावी शिबिरं घेऊन मोतीबिंदूचे रोगी निवडायचे आणि नंतर फोन करून ऑपरेशनची तारीख कळवायची, अशी त्यांची पद्धत होती. जो फोनवर मिळाला नाही त्याचा नंबर यादीत खाली थांबलेल्याला जायचा. हे सगळं पाहणारे व्यवस्थापक भैयाजी सोमवारी आमच्याकडे आले. सावली आणि आरमोरीकडच्या चाळीस रोग्यांची यादी आणि तिच्याखाली थांबलेल्यांची नावं त्यांनी सोबत आणली होती. यंत्राने चाळीस जणांना गाठून दाखवायचं, पसंत पडलं तर वर्षाचं कंत्राट.

फोनवरचा आवाज माझाच होता. चाळीसही नावं मी वेगवेगळी बोलून भरली होती. "नमस्कार. डोळ्यांच्या दवाखान्यातून बोलत आहे. कृपया फोन गुणाबाई यांना द्यावा. त्या बोलत असल्यास एक अंक दाबावा." मग तारीख. उत्तर आलं नाही तर यंत्र थोडं थांबून आणखी एकदा फोन लावायचं आणि मग 'प्रतिसाद नाही' अशी नोंद करून पुढे जायचं. फोन उचलल्यावर किती वेळ वाट पाहायची, हे ठरवायचं काम पियुषभाऊंनी माझ्यावर सोडलं होतं. मी बारा सेकंद ठेवले. जलालभाईंसोबत हजार वेळा तपासलं होतं, ते तर दोन सेकंदांत बटण दाबायचे.

अर्ध्या तासात यंत्राने यादी संपवली. नऊ मिळाले, एकतीस 'प्रतिसाद नाही'. माझा चेहरा पडला, पण भैयाजी खूश होते. ज्या कामाला त्यांच्या ऑफिसातल्या मुलीला दोन दिवस लागायचे ते चहा संपायच्या आत झालं होतं. लोक तारखा विसरतात, धान चुरायच्या, म्हणजे मळणीच्या दिवसांत घरी सापडत नाहीत, त्यांना त्याची सवय होती. एकतीस नंबर खालच्यांना द्यायचे, झालं. कंत्राटावर सही करायला त्यांनी खिशातून पेन काढलं. पियुषभाऊंनी मला डोळ्यांनी समोसे आणायची खूण केली.

तेव्हा कोपऱ्यातून जलालभाई उठले. लाइनचा आवाज स्वच्छ येतो का, हे ऐकण्यासाठी त्यांना जोडीचा फोन देऊन तिथे बसवलं होतं. तो त्यांच्या हातातच होता.

"भैयाजी, एक मिनिट. हे एकतीस लोक मिळाले नाई, असं नाई होय. मी आयकून राह्यलो होतो. फोन उचलनारे त्यायले बलावाले गेले."

पियुषभाऊ हसून म्हणाले की आपण हे नंतर बोलू.

"नंतर त्यायचा नंबर जाईल न, पियुषभाऊ," जलालभाई म्हणाले. आवाज चढवला नाही. "गावात फोन एक. तो दुकानात. आपलं यंत्र सांगते, गुणाबाईले द्या. तो बिचारा फोन बाजूले ठेवते आन् गुणाबाईच्या घरी धावते. तो वापस येतवरी आपण फोन कापून देतो."

मला आठवलं ते माझ्याच काकांचं किराणा दुकान. काळा फोन बरणीशेजारी आडवा ठेवून मी सावलीच्या गल्ल्यांतून पळत सुटायची, "काकू, तुमचा फोन आला" म्हणत. पाच मिनिटांच्या आत कुणीही कधी फोनवर आलं नव्हतं. हे मला माहीत नव्हतं असं कसं म्हणू? मी इंजिनिअर झाले आणि विसरले, इतकं साधं होतं ते.

पियुषभाऊंनी माझ्याकडे पाहिलं. यंत्र बरोबर आहे असं मी म्हणावं, हे त्यांच्या डोळ्यांत होतं आणि भैयाजींचं पेन अजून उघडं होतं.

"जलालभाई बरोबर सांगून राह्यले," मी म्हणाले. "बारा सेकंदांनी कापते ते. मीच तसं लिहिलं."

भैयाजींनी पेनाला टोपण लावलं. जलालभाईंनी मात्र कुणाची वाट न पाहता यादीतला पहिला नंबर हाताने फिरवला आणि स्पीकर चालू केला. सावलीजवळच्या एका खेड्यातल्या दुकानदाराने फोन उचलला. गुणाबाई पाहिजे म्हटल्यावर "थांबा जी, बलावतो" म्हणाला आणि फोन लाकडावर ठेवल्याचा आवाज आला. मग नुसतं ऐकत बसायचं. कुठेतरी कोंबड्या होत्या. एका बाईने शिकेकाई मागितली आणि तिला उत्तर द्यायला दुकानात कुणी नव्हतं. एक मिनिट झालं, दोन झाली. भैयाजींनी घड्याळ पाहिलं. तीन मिनिटांनी ते खुर्ची सरकवून उठले, तेव्हा जलालभाईंनी फक्त तळहात वर केला, आणि आपल्या वयाच्या माणसाचं ऐकावं तसं भैयाजी उभेच राहिले.

चौथ्या मिनिटाला धापा ऐकू आल्या.

"हॅलो. कोन जी, दवाखान्याचे? दोन खेपा धावत आली मी, सुनेचा हात धरून. आली का फोन बंद, आली का फोन बंद. आता हे तिसरी खेप होय."

जलालभाईंनी तिला तारीख सांगितली. गुणाबाईने ती तीनदा म्हणून पाठ केली, सुनेकडूनही म्हणवून घेतली. मी खिडकीकडे तोंड केलं होतं. न दिसणारी बाई दोनदा धावत आली आणि दोन्ही वेळा तिच्या हातात मी बंद फोन दिला होता. लाज वाटली, आणि खरं सांगायचं तर तितकंच हलकंही वाटलं, कारण अजून काही बिघडलं नव्हतं. ती भेटली होती. बाकीचे तीस तिथेच, आपापल्या गावात होते.

भैयाजी खाली बसले. आधी हे तीस गाठा, मग यंत्राला थांबायला शिकवा, मग मला बोलवा, असं म्हणून त्यांनी समोसा खाल्ला आणि नागपूरची गाडी पकडली. कंत्राटाचा कागद सहीविनाच राहिला. पियुषभाऊ बराच वेळ त्या कागदाकडे पाहत बसले. जलालभाईंनी त्यांच्याकडे न पाहता दुसरा नंबर फिरवला. नोकरी गेली हे त्यांनी धरूनच टाकलं असावं, कारण त्यांचे कान लाल झाले होते आणि तारीख सांगताना एकदा जीभ अडखळली.

दुपारभर ते फोन करत होते आणि मी लिहून घेत होते. कुणी खळ्यावरून आलं, कुणी नदीवरून. एका आजोबांना खाटेसकट फोनपाशी आणलं, असं पलीकडून ओरडून सांगण्यात आलं. चार वाजता पियुषभाऊ स्वतः खाली जाऊन चहा घेऊन आले. जलालभाईंपुढे कप ठेवून म्हणाले की पहिल्या तारखेचं विसरा, आता फोन करायला मुली घेणार आहे, त्यांना वाट कशी पाहायची ते तुम्हीच शिकवा. जलालभाई "बरं" म्हणाले. मग मोरीत जाऊन त्यांनी नळ सोडला आणि तोंडावर इतका वेळ पाणी मारत राहिले की चहा निवला. बाहेर आले तेव्हा त्यांनी मला आयतच्या परीक्षेची तारीख सांगितली, जी मला पाठ होती. मला इतका आनंद झाला होता की मी ती पुन्हा पहिल्यांदा ऐकल्यासारखी ऐकली.

पुढचं सांगून टाकते. यंत्र थांबायला शिकलं. फेब्रुवारीत भैयाजींनी सही केली. त्यांचं पाहून आणखी दोन दवाखाने आले, मग एक बियाण्यांची कंपनी, मग वीज तक्रारींचं काम. गावाकडच्या माणसाशी बोलता येणारं सॉफ्टवेअर म्हणून ते तीन राज्यांत गेलं. दोन वर्षांत आम्ही नागपूरला गेलो आणि आज तिथे आमच्या दोन मजल्यांवर तीनशे खुर्च्या आहेत. आयत आता भद्रावतीजवळच्या शाळेत शिकवते. जलालभाई नागपूरला आले नाहीत. चंद्रपूरच्या त्याच दोन खोल्यांत त्यांनी नव्या मुलींना चार वर्षं शिकवलं आणि मग दम लागतो म्हणून घरी बसले.

पण त्या सोमवारचा शेवटचा फोन राहिला. साडेपाच झाले होते. एकतीसपैकी एकोणतीस मिळाले होते आणि एक जण लेकीकडे गेला होता, त्याला निरोप ठेवला होता. उरला होता देवाजी, आरमोरीच्या पलीकडच्या गावचा. दुकानदाराने फोन उचलला, नाव ऐकून जरा घुटमळला, "थांबा, घरच्याईले बलावतो" म्हणाला आणि गेला. पाच मिनिटं झाली. नऊ झाली. पियुषभाऊ म्हणाले, उद्या लावा. जलालभाईंनी नकारार्थी मान हलवली.

"लाइन चालू हाये. कोनी तरी येऊनच राह्यलं असंन."

अकराव्या मिनिटाला एका बाईचा आवाज आला. श्वास इतका लागला होता की पहिले शब्द कळलेच नाहीत.

"मी धुरपता. देवाजीची घरवाली. ते तं गेले जी, दिवाळीच्या आंधी."

जलालभाईंनी यादीवरचं बोट उचललं.

"मी खळ्यावर होती. लांब हाये खळं," ती म्हणाली. "दुकानवाला म्हने, मी सांगून देतो. मी म्हटलं, नाई, मीच सांगतो. त्यायचा नंबर फुकट नाई गेला पायजे. दुसऱ्या कोनाले तरी देऊन द्या."

"देतो, बाई," जलालभाई म्हणाले. "आजच देतो. बसा जरा. पानी प्या."

धान उघडं पडलंय, जाते, असं ती म्हणाली. फोन कसा ठेवतात हे तिला ठाऊक नसावं. तिने तो जिथून उचलला होता तिथेच आडवा ठेवून दिला. बांगड्या वाजल्या, मग पावलं, आता सावकाश, आणि ती दूर गेल्यावर मागे कुणाची तरी सायकल आणि संध्याकाळचं गाव ऐकू येत राहिलं. मी यादीखाली थांबलेल्यांतला पहिला नंबर काढून समोर ठेवला. स्पीकर चालू असूनही जलालभाई तसेच फोन कानाला धरून बसले होते. बऱ्याच वेळाने दुकानदाराने येऊन तिकडचा फोन जागेवर ठेवला, तेव्हा त्यांनी आपला खाली ठेवला.