अंतरपाटाशी अडणारा कॉम्प्युटर

क्रांती चौकाजवळच्या सोमनाथच्या फोटो स्टुडिओत त्या दुपारी पाय ठेवायला जागा नव्हती. कॉम्प्युटरला झेंडूचा हार, सीपीयूवर लिंबू आणि समोर डोळे मिटून बसलेले विद्युतानंद महाराज!

मंजुषाच्या लग्नाला महिना झाला, तरी लग्नाचा व्हिडिओ काही केल्या तयार होत नव्हता. हळद, वरात, मंगलाष्टकं सुरळीत पार पडायची आणि अंतरपाट दूर होऊन नवरीचा चेहरा दिसणार, तोच कॉम्प्युटर बंद, पडदा काळा. एकदा नाही, सात वेळा.

"अंतरपाट सरताच कन्येची दृष्टी थेट प्रोसेसरच्या मूलाधार चक्रावर पडते," महाराज म्हणाले. "नकारात्मक व्होल्टेज! तेवढी दृष्टी कापा."

सोमनाथने तो तुकडा कापला. महाराजांनी लिंबू ओवाळलं आणि व्हिडिओ न अडखळता तयार झाला. टाळ्या पडल्या. एका काकांनी तर सीपीयूलाच नमस्कार घातला.

"दोष सिद्ध झाला. आता सूनबाई सव्वा महिना माहेरी, मग आश्रमात शांती."

मंजुषाच्या सासूबाईंनी, द्वारकाबाईंनी, डोळ्याला पदर लावला. "लई हौसेनं आणलं हो हिला. पण उद्या घरात काय इपरीत झालं तर? जा बाई फुलंब्रीला, माहेरी."

असा शिक्का घेऊन माहेरी गेलेली सून परत येते का आणि आलीच तर कोणत्या तोंडाने, हे मंजुषाला ठाऊक होतं. नवरा शिवम स्वतःच्या चपलांकडे बघत उभा होता; त्याच्याशी ती घरी गेल्यावर बोलणार होती. पॉलिटेक्निकमध्ये इलेक्ट्रॉनिक्स शिकलेल्या त्या पोरीने तूर्त रडणं लांबणीवर टाकलं.

"सोमनाथभाऊ, त्या तुकड्यात काय काय टाकलंय?"

"वहिनी, सगळी मेहनत तिथंच हाय! ड्रोन, स्लो मोशन, आन् अक्षतांसोबत हजारभर गुलाबपाकळ्या. बाकी सगळं साधं."

"महाराजांच्या प्रवचनाची क्लिप आहे?"

"व्हय, मीच काढली."

"मग त्यांच्यावरही तसंच स्लो मोशन, तशाच पाकळ्या टाका. एक पाकळी कमी नको."

महाराज खूश झाले. पडद्यावरचे महाराजही हसले, पाकळ्या उडाल्या आणि पडदा काळा!

"आता महाराजांनाबी माहेरी धाडायचं का?" मागून कुणीतरी विचारलं. स्टुडिओभर हशा पिकला.

"लिंबाची शक्ती संपली," महाराज पुटपुटले. नवं लिंबू आलं. पडदा पुन्हा काळा.

"भाऊ, खरं सांगा," मंजुषा म्हणाली, "कॉम्प्युटर ओव्हरक्लॉक केलाय ना?"

सोमनाथने जीभ चावली. "लग्नसराई होती म्हणून. मोबाईलवर बघून प्रोसेसरचा वेग वाढवला."

"आणि व्होल्टेज?"

"त्याला हातच नाय लावला. जळलं-बिळलं तर?"

"म्हणजे काम वाढवलं आणि भाकरी तेवढीच ठेवली. साध्या कामात निभतं, सगळी ताकद लागली की वीज अपुरी पडते आणि गडी कोसळतो."

तिने कॉम्प्युटर पुन्हा चालू करून सेटिंग उघडली आणि व्होल्टेज किंचित वाढवलं. पडदा काळा. आणखी किंचित. या वेळी महाराज पाकळ्यांत न्हाऊन निघाले, तरी पडदा उजळलेलाच! मंजुषाने प्रोसेसरचं तापमान पाहिलं, ते आवाक्यात होतं. "याच्या वर न्यायचं नाही, भाऊ. जास्त दिलं तर खरंच जळेल."

मग कापलेला तुकडा परत जोडला. अंतरपाट सरला आणि मंजुषाचा चेहरा पडदाभर पसरला. ड्रोन वळला, तर नवरदेवामागे द्वारकाबाई, सुनेवर जीव ओवाळून टाकत कानशिलावर कडाकडा बोटं मोडणाऱ्या.

"अगं बाई, ही मीच की!" द्वारकाबाई पडद्याजवळ सरकल्या. "आन् मीच महाराजांना आणून हे कापाया लावलं?" त्यांनी सुनेचा हात घट्ट धरला आणि दाराकडे सरकणाऱ्या महाराजांना दोन्ही लिंबं देऊ केली. "घेऊन जा, सरबताला व्हतील. माझी सून कुठंबी जाणार नाय!"

तर मंडळी, यंत्र बंद पडलं तर कारण यंत्रात शोधावं, माणसाच्या कपाळावर नव्हे. कुणी एखाद्या बाईला दोष लावू लागला, तर तीच परीक्षा त्या दोष लावणाऱ्याचीही घ्यावी. प्रत्येक घरची सून इलेक्ट्रॉनिक्स शिकलेली नसते. तिच्यासाठी 'मग हीच परीक्षा तुमचीही घेऊ का?' एवढा साधा प्रश्न विचारायचं काम तुमचं-आमचं आहे.