न चाखलेली डाळ

चैत्रगौरी बसली की श्यामलाबाईंचे गुडघे कुरकुरू लागत. यंदा ते माघापासूनच कुरकुरत होते. तरी बेंगळुरूत मल्लेश्वरमच्या मराठी मंडळात गौरीपुढची आंब्याची डाळ त्यांच्याच हातची, हे इतकं ठरून गेलं होतं की आता कुणी विचारतही नसे. नेम एकच होता. गौरीला दाखवल्याशिवाय जिभेला कणही लावायचा नाही. मीठ मुठीच्या अंदाजानं.

त्या शुक्रवारी घरातलं जाडं मीठ संपलं होतं. त्यांनी पुड्यातलं बारीक मीठ घेतलं आणि मूठ मात्र नेहमीचीच घातली. बारीक मीठ मुठीत जास्त मावतं, हे त्यांना ठाऊक नव्हतं असं नाही. पण सकाळपासून उभं राहून डोकं जड झालं होतं.

आरती झाली, नैवेद्य झाला, द्रोण फिरले. पहिल्या घासाबरोबर बायका पाणी शोधू लागल्या.

"काकू, खूप खारट झालीय हो," आसावरी म्हणाली. नोकरीसाठी दोन वर्षांपूर्वी पुण्याहून आलेली, इंदिरानगरात राहणारी मुलगी. "सॉरी, पण खरंच खाता येत नाहीये. टेस्ट नाही का केली?"

"नैवेद्य उष्टा करतात का गं?" शुभदा फणकारली. ती इथलीच, तीन पिढ्यांची. "अक्का, तुम्ही मनावर घेऊ नका हं. अमृत आहे अमृत! तुमच्या हातात अन्नपूर्णा आहे."

"मग अमृताचा द्रोण भरलेलाच कसा, मावशी?"

दोघीतिघी फिसकन हसल्या. शुभदानं द्रोण पदराआड सारला. आसावरीला आता जोर चढला होता.

"अक्षय्य तृतीयेला केटररलाच सांगू या ना. काकूंनाही तेवढाच आराम."

"बघू," श्यामलाबाई म्हणाल्या, आणि सगळ्यांना पाणी देत फिरल्या.

घरी सगळं ऐकल्यावर त्यांच्या यजमानांनी, नंदकिशोररावांनी, चमचाभर डाळ तोंडात टाकली, तांब्या रिकामा केला आणि म्हणाले, "बेंगळुरूला समुद्र आणलास की!"

"हसा तुम्ही."

"हसत नाही गं. सोडून दे आता. त्या पोरीनं आयतं कारण दिलंय, घेऊन टाक. पाय बघ तुझे, कसे सुजलेत."

खरंच सुजले होते. श्यामलाबाई वाती वळायला बसल्या, पण कापूस हातातच राहिला. सोडून द्यावं असं त्यांना मनापासून वाटलं. एकदा अंग टाकलं की कुणी उठवू नये, असं थकलेलं वाटणं होतं ते. पण त्याच्या तळाशी राग बसलेला होता, आणि तो त्यांना दिसला. आसावरीच्या एका वाक्यानं डाळ सोडायची, म्हणजे इतकी वर्षं ती शुभदाच्या अमृतासाठीच केली की काय? एरवी ते ऐकायला आपण द्रोण संपेपर्यंत दाराशी रेंगाळतो, हे आठवून त्यांना एकट्या असूनही लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी जप आटोपल्यावर त्यांनी आसावरीला फोन केला.

"काकू, मी काल जरा जास्तच बोलले का?" तीच आधी म्हणाली.

"थोडं बोललीस. पण डाळ खारटच होती, ते खरं. मीठ माझं चुकलं."

"म्हणजे केटरर…"

"नको. चव न घेणं ही चूक नाही गं, तो माझा नेम आहे. तो मी मोडणार नाही. पण माझ्या नेमापायी सगळ्यांनी खारट का खावं? तृतीयेला जरा लवकर येशील? गौरीची वाटी आधी काढू, नैवेद्य दाखवू. मग पातेल्यातली डाळ तू चाखायचीस आणि कमीजास्त सांगायचंस. मीठ मी या खेपेला बेतानंच घालीन."

"मी? मला स्वयंपाकातलं काही येत नाही हो."

"जीभ आहे ना? आणि ती चालते, ते काल बघितलं सगळ्यांनी."

आसावरी मोठ्यानं हसली. "सरी, काकू," ती इथं शिकलेल्या कन्नडात म्हणाली. "चालेल, येते."

अक्षय्य तृतीयेला ती खरंच लवकर आली. न चाखलेली वाटी गौरीपुढे गेली, श्यामलाबाईंनी पाणी फिरवून हात जोडले. मग आसावरीनं पातेल्यातली चमचाभर डाळ तोंडात टाकून डोळे बारीक केले.

"मीठ अजून स्वल्प, थोडंसं हवं. आणि साखर… नाही, साखर ठीक आहे."

श्यामलाबाईंनी चिमटीनं मीठ घातलं, ढवळलं. आसावरीनं पुन्हा चाखलं.

"आता बेस्ट! काकू, अशी डाळ मी पुण्यातसुद्धा खाल्ली नाही."

"अक्का, मी सांगत नव्हते?" दारातून शुभदा म्हणाली. "अमृत!"

श्यामलाबाईंना बरं वाटलं. खोटं कशाला बोला, वाटलंच. पण त्या दाराशी रेंगाळल्या नाहीत. भिंतीला टेकून खुर्चीत बसल्या, पाय लांब केले आणि डोळे मिटले.

"आसावरी, पातेलं तूच ने बाई बाहेर," त्या म्हणाल्या. "माझे हात भरून आलेत."