तू जेवशील तेवढंच

लेक रांगत होती तेव्हापासून आई चित्रकलेच्या कॉलेजात मॉडेल म्हणून बसत होती. अंगानं चांगली थोराड, भरलेली. मुलं म्हणायची, बाई एका कागदात मावत नाहीत. ती म्हणायची, मग दोन जोडा. हल्ली बाकीचे वर्ग व्यायामानं तासून काढलेल्या सडसडीत पोरी मागवत, पण शिल्पकलेच्या बाईंना तीच हवी असे. त्या तिचा पूर्ण उंचीचा मातीचा पुतळा करत होत्या. जुन्या मूर्तींच्या पोटाला वळ्या असतात आणि त्या घडवणाऱ्यानं हौसेनं घातलेल्या असतात, असं त्या मुलांना सांगत.

घरात मायलेकी दोघीच. आणि लेकीनं जेवण टाकलं होतं. लहानपणी गुबगुबीत होती म्हणून जिचं नाव गुब्बू पडलं, तिच्या हातापायांच्या काड्या झाल्या होत्या. ताटातलं चिवडत बसायची आणि चार घासांवर उठायची. आईनं समजावलं, रागावून पाहिलं, हातापाया पडली. पूर्वी बारीक मुलीला लोक घरी खायला मिळत नाही का म्हणून विचारायचे, हेही सांगून झालं. पूर्वी लोक पत्रंही लिहायचे, असं म्हणून गुब्बू ताट सरकवून निघून गेली.

डॉक्टरीणबाईंनी तिला दवाखान्यात ठेवायला सांगितलं. गुब्बू म्हणाली, तिथं टाकलंस तर पुन्हा तुझ्याशी बोलणार नाही. आईचा धीर खचला. शेवटी तिनं स्वतःच एक उपाय काढला. "तू जेवशील तेवढंच मी जेवीन," ती लेकीला म्हणाली. आपले हाल पोरीला बघवणार नाहीत, अशी तिची समजूत.

चार घास तर चार घास. आईचे कपडे अंगावर लोंबायला लागले. शेजारणी कौतुकानं विचारू लागल्या, काय घेतेस गं? एकदा वर्गात चौथऱ्यावर उभी असतानाच तिला भोवळ आली. बाईंनी तिला खाली बसवलं, दूध पाजलं.

"मी रोज पुतळ्याची माती काढत चाललेय, तुझ्या मागे मागे," त्या म्हणाल्या. "हे मला करायचं नाही. झालंय काय?"

तिनं सगळं सांगितलं. बाई हातावरची माती खरवडत म्हणाल्या, "तुला बघून ती घाबरेल, हे तुला कुणी सांगितलं?"

ती घरी आली तेव्हा गुब्बू आईचाच झगा मांडीवर घेऊन तो आत घ्यायला बाजूनं टाके घालत बसली होती. दातांत टाचण्या, आणि कित्येक महिन्यांनी ओठांवर गुणगुणणं. आईला बघून तिनं टाचण्या काढल्या.

"आई, आता किती छान दिसायला लागलीस. अजून थोडंसं गेलं ना, की झालंच."

आईला कळून चुकलं. हाल कसले, पोरीला तर सोबत मिळाली होती. तिनं तो झगा लेकीच्या हातातून काढून घेतला, स्वयंपाकघरात गेली आणि उभ्यानंच पातेल्यातून खायला लागली. रडत होती, खात होती. गुब्बू दारात येऊन उभी राहिली.

"तू शब्द मोडलास."

"मोडला. उद्या तुला दवाखान्यात नेणार आहे. जन्मभर बोलू नकोस माझ्याशी, पण जन्म असू दे."

गुब्बूनं आदळआपट केली, पण अंगात त्राण कुठलं? जिना उतरताना तिला उचलून घ्यावं लागलं. कडेवर लहान मूल घ्यावं तशी ती हलकीच आली.

दवाखान्यात नाकातून नळी घातली. आई रोज जायची. गुब्बू भिंतीकडे तोंड करून पडायची, एक शब्द बोलायची नाही. नर्स सांगायची, आज दोन चमचे घेतले, आज ओकून टाकले. डॉक्टरीणबाई कसलंच वचन देत नव्हत्या. आई स्टुलावर बसून लेकीच्या पाठीकडे बघत राहायची.

एका दुपारी भिंतीकडूनच आवाज आला.

"जेवून आलीस?"

"आले."

गुब्बूनं चादर खांद्यावर ओढून घेतली.

"मला जमत नाहीये गं आई."

"माहितीये," आई म्हणाली आणि तिनं पाठीवर हात ठेवला. मणका न् मणका हाताला लागत होता. गुब्बूनं हात झटकला नाही.