खोक्यातला न वाचलेला कागद

मित्रांनो, औषधाच्या खोक्यात बाटलीला खेटून घडी घातलेला एक कागद असतो ना, तो मी. आता जुना झालोय, घड्यांवर विरलोय.

माझा जन्म छापखान्यातला. पातळ अंगावर दोन्ही बाजूंनी बारीक अक्षरं उमटली आणि यंत्रानं माझ्या आठ घड्या घातल्या. माझी बाटली मुलांच्या सर्दीच्या औषधाची. एकाच बाटलीत तीन औषधं: ताप उतरवणारं, वाहतं नाक थांबवणारं आणि चोंदलेलं नाक मोकळं करणारं. त्यातल्या एकानं गुंगी येते. किती द्यायचं आणि कुणाला मुळीच द्यायचं नाही, ते सगळं माझ्या अंगावर लिहिलेलं होतं.

एका घरातल्या सात वर्षांच्या थोरलीला सर्दी झाली, तेव्हा तिच्या बाबांनी आम्हाला विकत आणलं. मला उलगडून ते हसले. "ही काय मुंग्यांची रांग! कोण वाचत बसणार?" दुकानदारानं सांगितलं तेवढं औषध त्यांनी मोजून दिलं. थोरली बरी झाली आणि बाटलीचं कौतुक झालं. मापाचं झाकण बाहुलीच्या खेळात गेलं. जेवणाचं टेबल डुगडुगतं, अक्षर वाकडं येतं, म्हणून थोरलीनं मला टेबलाच्या पायाखाली सारलं.

तिथे माझं दीड वर्ष गेलं. वरून ताटांचा आवाज यायचा, हसणं यायचं. माझ्या वाट्याला रोज फक्त केरसुणी यायची. सांगण्यासारखं इतकं असूनही गप्प पडून राहायचं, याइतकं एकटेपण दुसरं नाही.

मग दोन वर्षांच्या धाकटीला सर्दी झाली, अंगही तापलं. डॉक्टरांनी दिलेलं तापाचं औषध पाजून आई कामावर गेली. मुलींजवळ आत्या थांबली. दुपारी धाकटी नाक चोंदून किरकिर करायला लागली. आत्याला कपाटात माझी बाटली दिसली.

"थोरलीला यानंच बरं वाटलं होतं," असं म्हणत तिनं जेवणाचा मोठा चमचा भरून पाजला. मायेनंच पाजला हो. मी टेबलाखाली तळमळत होतो, पण कागदाला कुठला आवाज?

तासाभरानं आई आली. धाकटी डोळे उघडेना. हाक मारली की नुसती कण्हायची.

"ताई, हिला काही दिलंत का?"

"सर्दीचं दिलं, एकच चमचा," आत्या म्हणाली.

आईनं डॉक्टरांना फोन लावला. औषधात काय काय आहे, असं त्यांनी विचारलं. बाटलीवरची अक्षरं औषध ओघळून पुसली गेली होती.

"त्याचा कागद आहे!" थोरली ओरडली. तिनं टेबल कलतं करून मला ओढून काढलं.

आईनं फोनवर मला अथपासून इतिपर्यंत वाचलं. डॉक्टरांनी दिलेल्या औषधात आणि माझ्या बाटलीत तापाचं औषध एकच होतं. 'चार वर्षांखालील मुलांना देऊ नये' ही ओळ तिनं दोनदा वाचली.

"बाटली आणि कागद घेऊन लगेच या," डॉक्टर म्हणाले.

दवाखान्यात धाकटीला देखरेखीखाली ठेवलं. संध्याकाळी तिनं डोळे उघडून पाणी मागितलं, तेव्हा आत्या भिंतीकडे तोंड करून रडली. आई तिच्या पाठीवर हात ठेवून म्हणाली, "मी तरी कुठे वाचलं होतं, ताई?"

डॉक्टरांनी समजावलं, "एवढ्या लहान मुलांची साधी सर्दी आपोआप जाते. विचारल्याशिवाय असलं औषध देऊ नका. आणि एकावर दुसरं तर नाहीच नाही."

बाटली टाकून दिली गेली. मी डॉक्टरांच्या खणात राहिलो. ती माणसं घरी गेली, धाकटी कामावरून थेट आलेल्या बाबांच्या खांद्यावर होती. मला न्यायचं कुणाला सुचलं नाही. राग नाही माझा.

मित्रांनो, आयुष्यात एकदाच मला कुणी वाचलं, आणि तेही औषध पोटात गेल्यावर. तुमच्या घरी माझ्यासारखा कागद आला, तर बाटली उघडण्याआधी मोठ्यांना तो वाचायला लावा. अक्षर बारीक असतं, कबूल. पण सावकाश वाचा, न कळलं तर डॉक्टरांना विचारा. तुम्ही वाचलं, तरच आम्हाला बोलता येतं.