जित्ते

धोंडीबाईचे दोन्ही मुलगे लढाईवर ब्रह्मदेशात गेले. धाकटा मंगळू परत आला. थोरल्या भिकाबद्दल नुसता 'बेपत्ता' एवढा शब्द आला. पुढे जव्हारचं संस्थान विलीन झालं, राजाचं राज्य गेलं, पण धोंडीबाई त्या शब्दाला चिकटून राहिली. बेपत्ता म्हणजे मेलेला नव्हे, हे तिचं म्हणणं. खोटं कसं म्हणणार? अडचण होती ती भिकाच्या बायकोची, सकूची. साखरशेतचा एक भला माणूस तिच्याशी पाट लावायला तयार होता. तिच्याही मनात होतं, पण सासू सोडेना.

सासूला बळ दिलं ते मंगळूनेच. लढाई संपल्यावर त्याच्या पलटणीला जपानात ठेवलं होतं. तिथल्या एका म्हाताऱ्याकडून तो हातापायांचा एक खेळ शिकला. समोर कुणी नसलं तरी ठरल्या क्रमाने वार अडवायचे, फिरायचं, पुढे सरकायचं. आणि सुरू करण्याआधी खेळाचं नाव मोठ्याने घ्यायचं, ही म्हाताऱ्याची शिस्त. मंगळू रोज सकाळी खळ्यात उभा राहून ओरडायचा, "जित्ते!"

आता आमच्या जामसरात जित्ता म्हणजे जिवंत. दुसरा अर्थ कोण कशाला शोधेल? आम्ही सगळे शहाणे तेच समजून बसलो होतो. धोंडीबाई मान डोलवायची. "भावाला भाऊ वळखतो. माझा भिका जित्ता हाये."

साखरशेतचा माणूस शेवटचं विचारायला आला, तेव्हाही तिने हेच ऐकवलं. मी शेजारी, ओट्यावरच बसलो होतो. सकू उठून चुलीकडे निघाली. तिचा चेहरा पाहून मंगळूला राहवलं नाही.

"आये, तो आपला सबुद नाय. जपान्यांचा हाये. जित्ते म्हंजे दहा हात. एकट्याच्या अंगात दहा हातांचा जोर येतो, असा त्याचा अर्थ."

"नि भिका?"

मंगळू खाली बसला. "नदी उतरताना वाहून गेला. माझ्या हातातनं सुटला, आये."

धोंडीबाई त्याच्या हातांकडे बघत राहिली. इतकी वर्षं तिच्या हट्टाचा मला राग यायचा. त्या क्षणी तो उरला नाही.

"म्हून शिकलास का दहा हात?" तिने विचारलं.

मंगळूने होकाराची मान हलवली. हुंदका फुटला तो सकूला. धोंडीबाईने तिला जवळ ओढलं आणि तिच्या गळ्यातली काळी पोत स्वतःच्या हाताने काढली.

"रडून घे, पोरी. मग साखरशेतला जा."