भाताशिवाय सव्वीस मैल

दत्ताराम लालबागेतून निघाला तेव्हा पहाटेचे पाच वाजले होते. भायखळा मागे पडलं, गिरगाव मागे पडलं. चौपाटीवर वारा समोरून आला, मरीन ड्राइव्हवर तो पाठीशी गेला. कफ परेडच्या मच्छीमार नगरापाशी बोंबील वाळत घातले होते, तिथल्या पहिल्या काठीला हात लावून तो उलटा फिरला. परत लालबाग. तसाच पुढे परळ, दादर. भिंतीभिंतींवर डांबरानं लिहिलं होतं, मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे, आणि त्या अक्षरांशेजारी त्यानं स्वतः कोळशानं ओढलेल्या मैलांच्या रेघा होत्या. सोळावी रेघ शिवाजी पार्काच्या कोपऱ्यावर. मग कट्ट्याच्या कडेनं पहिलं झाड, दुसरं झाड, तिसरं, आणि चौथ्या झाडाशी त्याचे पाय

थांबा.

गोष्ट इथंच तुटते. दर रविवारी तुटते. सांगणाऱ्याचा इलाज नाही, कारण ज्याची गोष्ट आहे तोच इथं खाली बसतो. दमतो म्हणावं तर छाती चांगली चालू असते. दुखतं म्हणावं तर कुठं दुखत नाही. दिव्यातलं तेल संपावं तसं होतं. थंडी वाजते, कानात गुणगुण येते, आणि डोळ्यांत उगाच पाणी येतं.

तेवढ्यात सांगून टाकू की हा माणूस कोण.

दत्ताराम, वय बत्तीस, परळच्या एका गिरणीत साचे खात्यात विणकर. वेंगुर्ल्याजवळच्या बांबरवाडीचा. लालबागेत गाववाल्यांच्या एका खोलीत अठरा जण, पाळीपाळीनं झोपणारे. दत्तारामची पथारी दुपारी दुसराच कोणी वापरायचा. लग्नाला सहा वर्षं झाली होती. बायको रखमा गावी. वर्षातून एकदा रजा मिळायची, तेवढ्यात काय ते. त्यानं एकदा हिशेब केला होता: सहा वर्षांत दोघं एका छपराखाली पाच महिने आणि अकरा दिवस राहिली होती. त्यातले आठ दिवस तो तापानं आजारी.

फेब्रुवारीत कामगारांची मॅरेथॉन होती, सव्वीस मैलांची. गिरणीचे लेबर ऑफिसर सगळ्यांदेखत म्हणाले होते, "आपला कोणी पहिल्या दहात आला तर गिरणीच्या चाळीतली एक खोली त्याच्या नावावर."

खोली. दहा बाय दहा. दत्तारामला पदक नको होतं.

पुन्हा.

लालबाग, भायखळा, गिरगाव, चौपाटी. या रविवारी पोटात चार कच्ची अंडी होती, कारण तालमीतल्या वस्तादांनी सांगितलं होतं, "ताकद पाहिजे ना? मग अंडी, दूध, भिजवलेले चणे. पैलवान काय हवेवर होतो काय रे?" मरीन ड्राइव्हवर अंडी बाहेर आली. तरी तो धावला. कुलाबा, परत लालबाग, परळ, दादर. पार्कावर आदल्या रात्रीच्या सभेचे बांबू अजून उभे होते. पहिलं झाड, दुसरं, तिसरं, चौथं, पाचव्या झाडाशी

"आज एक झाड पुढे हो," कट्ट्यावरून आवाज आला.

तिथं रोज सकाळी फिरून झाल्यावर चार म्हातारे बसायचे. बोलले ते शामराव, रेल्वेच्या दवाखान्यातून निवृत्त झालेले कंपाउंडर. गेले पाच रविवार ते या माणसाला कोसळताना पाहत होते.

"हसू नका हो त्याला," दुसरा म्हणाला.

"हसतोय कुठं? मोजतोय." शामराव काठी टेकत जवळ आले. "काय हो, काल रात्री काय जेवलात?"

"दोन चपात्या, आमटी, अंडी," दत्ताराम म्हणाला. दात वाजत होते.

"आणि भात?"

दत्ताराम झाडाच्या बुंध्याकडं बघू लागला.

"कोकणातले ना तुम्ही? बोलण्यावरून कळतं. कोकणातला माणूस भात विचारल्यावर गप्प बसतो हे मी पहिल्यांदाच बघतोय." शामरावांनी खिशातून खडीसाखर काढून त्याच्या तळहातावर ठेवली. "हे चघळा. अहो, इंजिनात कोळसा नाही आणि तुम्ही बाहेरून पॉलिश मारताय. अंडी खा, दूध प्या, माझं काही म्हणणं नाही. पण सतराव्या मैलाला लागतो तो कोळसा. पोटभर भात खा."

खडीसाखर चघळल्यावर पाच मिनिटांत दत्ताराम उठून उभा राहिला. म्हणजे म्हातारा खरं बोलत होता. तेच वाईट होतं.

कारण असं:

मागच्या शिमग्यात दत्ताराम गावच्या रवळनाथासमोर नवस बोलला होता. गुरवानं गाऱ्हाणं घातलं, पाठीमागं रखमा डोक्यावर पदर घेऊन उभी होती, आणि दत्ताराम म्हणाला होता, "ही मुंबईत माझ्या चुलीपुढं बसेपर्यंत मी भाताला हात लावणार नाही." आवडती वस्तू सोडायची, हीच रीत. त्यानं सगळ्यात आवडती सोडली. खोली मिळवायला धावावं लागेल हे तेव्हा कुठं माहीत होतं!

मुंबईत त्यानं हे कोणाला सांगितलं नाही. सुंदराबाईच्या खानावळीत चाळीस माणसं जेवायची. बायकोसाठी भात सोडलाय म्हटल्यावर त्यांनी त्याला जगू दिलं नसतं. आणि सुंदराबाईचा कायदा एकच: चपात्या मोजून दोन, भात पोट भरेपर्यंत. तेव्हा पोट भरण्याचा प्रश्नच मिटला.

सोमवारी साच्यावर उभ्या उभ्या त्याला डुलकी लागायची. धोटा इकडून तिकडे, तिकडून इकडे. सुतं तुटायची, खात्याचा मुकादम, जॉबर, शिव्या द्यायचा. त्या डुलकीत रखमा दिसायची, पण पूर्ण नाही. हंडीवरचं झाकण काढल्यावर वाफ उठते, त्या वाफेमागं एक चेहरा. वाफ विरली की चेहरा दिसेल म्हणून तो थांबायचा. वाफ विरायचीच नाही. मग त्याला कळेनासं व्हायचं की आपल्याला भूक लागली आहे की तिची आठवण येते आहे. दोन्ही एकाच जागी दुखत होतं.

पुन्हा. लालबाग, भायखळा,

नको. त्या रविवारचं सांगण्यासारखं काही नाही. चौथंच झाड.

त्या दिवशी दुपारी सुंदराबाई त्याच्या पानासमोर बसली. मोठ्या हाडाची विधवा बाई, मालवणची. चाळीस माणसांची भूक तिला तोंडपाठ होती.

"भात कित्याक खाईत नाय रे तू?"

"झोप येता मावशे."

"मेल्या, माका शिकवतंस? गाल बघ आपले. कोणाक काय बोललंस? खरा सांग."

त्यानं सांगितलं. हळू आवाजात, ताटाकडं बघत. सुंदराबाई हसली नाही. उठून गेली. दोन दिवसांनी दत्तारामच्या खोलीतला रघु बोटीनं गावी निघाला, तेव्हा तिनं त्याला बाजूला घेऊन काहीतरी सांगितलं.

रघु परतला तो एक पिशवी आणि एक पत्र घेऊन. पिशवीत घरचा उकडा तांदूळ. पत्र शाळेतल्या गुरुजींच्या अक्षरात, कारण रखमाला लिहिता येत नव्हतं. सहा वर्षं तिची सगळी पत्रं गुरुजींच्या तोंडून आली होती. गाय व्याली, छप्पर शाकारलं, इकडील सर्व क्षेम. परपुरुषासमोर बाई आणखी काय लिहवून घेणार?

*रा. रा. दत्ताराम यांस. तुमच्या प्रकृतीचे वर्तमान रघुकडून कळले. सोमवारी देवळात जाऊन रवळनाथास कौल लावला. उजवा पडला. गुरव म्हणतात की नवस मोडत नाही, पण घरातल्या दुसऱ्या माणसास घेता येतो. तरी तो आता मी घेतला आहे. तुम्ही भात खावा. तांदूळ आपल्या खालच्या मळ्यातले आहेत. जोरात धावावे. कळावे. रखमा.*

सुंदराबाईनं त्याच तांदळाचा भात केला. जाडा, लालसर. दत्ताराम पानावर बसला आणि नुसता बसून राहिला. तिकडं रखमा नाचणीची भाकरी खात असेल. दोन वेळा. बांबरवाडीत, जिथं पेजेशिवाय सकाळ होत नाही.

"जेव," सुंदराबाई म्हणाली.

"हो तिचो भात."

"तिचो भात तू खातंस ना? मगे नीट खा. सांडू नको. आणि ताटात रडू नको, मीठ जास्त होतला."

पंगतीतलं कोणीतरी खुसकन हसलं. सुंदराबाईनं तिकडं नुसतं पाहिलं. दत्तारामनं पहिला घास घेतला, आठ महिन्यांनी. चव जिभेला कळायच्या आधी डोळ्यांना कळली. मग तो जेवला. एक वाढप, दुसरं, तिसरं. प्रत्येक घासाला वाटत होतं की आपण तिच्या पानातलं उचलतो आहोत, आणि तरी हात थांबत नव्हता. इतकी लाज आणि इतकी भूक त्याला आयुष्यात एकदम कधी लागली नव्हती.

पुढच्या रविवारी पहाटे उठून सुंदराबाईनं पेज केली, मीठ घालून. एक पेला घरी पाजला. एक बाटली घेऊन रघु चौपाटीवर उभा राहिला. लालबाग, भायखळा, गिरगाव, बाटली, कुलाबा, पुन्हा बाटली, परळ, दादर. चौथं झाड. पाचवं. सहावं. कट्ट्यावर शामराव उभे राहिले. दत्ताराम त्यांच्यापुढून गेला, पार्काला वळसा घालून परत आला, पुन्हा गेला. चौथ्या फेरीला शामराव ओरडले, "अहो, आता मोजायला झाडं पुरत नाहीत हो!"

शर्यतीचं एका दमात सांगतो, कारण ती एका दमातच झाली: गिरणीच्या भोंग्यासारखी शिट्टी वाजली आणि दोनशे माणसं निघाली आणि दत्ताराम मुद्दाम मागं राहिला आणि त्यानं दहाव्या मैलापर्यंत बाकीच्यांना आपल्यापुढं हुंदडू दिलं आणि रघुनं दोनदा पेज पाजली आणि सतरावा मैल आला तेव्हा त्याला बांबरवाडीचं देऊळ आठवलं आणि अठरावा कधी गेला ते कळलं नाही आणि विसाव्याला पायाची नखं रक्तानं भिजली आणि बाविसाव्याला एकेक माणूस रस्त्याकडेला बसलेला दिसू लागला, तसाच, थंडीनं कुडकुडत, रिकामा, आणि प्रत्येकाला ओलांडताना तो मनात म्हणत होता, ऊठ रे, काहीतरी खा, आणि चोविसाव्याला त्याला भूक लागली नव्हती, आठवण येत होती, नुसती आठवण, आता दोन्ही वेगवेगळं कळत होतं, आणि तो नववा आला.

नववा. खोली त्याची.

"पण रिकामी व्हायला हवी ना," लेबर ऑफिसर म्हणाले. "जो विणकर राहतो तो जूनअखेर निवृत्त होतो. जुलैत घे."

जुलैत बोटी बंद. घाटावरून एस.टी. बदलत बदलत एकट्या बाईला पाठवणार कोण? गुरुजींच्या अक्षरात उत्तर आलं: *जुलै तर जुलै. नारळी पौर्णिमेनंतर पहिल्या बोटीने येईन. माझी प्रकृती ठीक.* ठीक, असं गुरुजींनी लिहिलं होतं. मे महिन्यात गावाहून आलेला एक जण म्हणाला, "वयनी लय सुकली रे."

त्यानंतरच्या रविवारी सकाळी दत्ताराम पहिल्यांदाच ती खोली पाहायला गेला. दार उघडं होतं. आत विणकराची बायको मीराबाई डबे पुसत होती. साताऱ्याकडची, बावीस वर्षं त्या खोलीत राहिलेली.

"तुम्हीच व्हय ते पळणारे? या की. बघून घ्या. सकाळचं ऊन हितवर येतं. नळ पाचला येतो, सहाला जातो." मग पदरानं डबा पुसता पुसता तिनं विचारलं, "मंडळी कधी आणणार?"

"ऑगस्टात. बोटी सुरू झाल्यावर."

"आन् तवर?"

का कोण जाणे, त्यानं या अनोळखी बाईला सगळं सांगितलं. नवस, कौल, भात. मीराबाई डबा खाली ठेवून ऐकत राहिली.

"आत्ता गं बया! आन् जुलैची वाट कशाला बघताय? बोलवा की आत्ताच. दीड महिना दोन बायका एका शेगडीवर रांधतील. आमचे हे आन् तुम्ही गॅलरीत पडा. शेगडी निम्मी तुमची आजपासनं. झालं का तुमच्या देवाचं?"

दत्तारामनं बोटांवर दिवस मोजले.

"हंगामाची शेवटची बोट आज दहाला सुटते," तो म्हणाला. "वेंगुर्ल्याला जाऊन तीच परत फिरते. मग बंद."

"मग हितं उभं का?"

साडेनऊ झाले होते. परळहून भाऊचा धक्का. चप्पल त्यानं जिन्यातच सोडली. तो असा धावला की नऊ नंबरचा माणूस असा धावत नाही, पहिला धावतो. धक्क्यावर पोचला तेव्हा फळी ओढून घेतली होती आणि बोट आणि धक्का यांच्यामध्ये दोन हात पाणी झालं होतं.

"बांबरवाडीकडचा कोण हा काय रे?" तो ओरडला.

कठड्याशी टोपली घेऊन बसलेली एक बाई उठली. "शेजारच्या वाडीतलंय मी! काय होया?"

"रखमाक निरोप सांग!"

"खंयची रखमा?"

"माझी!"

सगळा डेक हसला. पाणी चार हात झालं.

"सांग, चुलीपुढं जागा झाली! सांग, हेच बोटीन ये! सांग माका—" सहा वर्षांत जे गुरुजी वाचून दाखवणार म्हणून पत्रात लिहिता आलं नव्हतं ते दीडशे अनोळखी माणसांपुढं ओरडायचं होतं. "सांग माका राहवत नाय!"

"सांगतंय रे!" ती बाई ओरडली. तिच्याबरोबर आणखी दहाबारा जण ओरडले, "सांगतो रे!" कोणीतरी शिट्टी मारली.

बोट गेली. दत्ताराम धक्क्यावर उभा राहिला. उद्या दुपारी वेंगुर्लं. तिथून ती बाई चालत पाच मैल, दिवेलागणीला बांबरवाडी. परवा उजाडताच बोट उलटी फिरणार. म्हणजे रखमाला तांबडं फुटायच्या आधी निघावं लागेल, डोक्यावर बोचकं घेऊन, पाच मैल, वाटेत घाटी, आणि पोटात कित्येक महिने नुसती नाचणी. तिला पळावं लागेल. कधी पळाली आहे ती?

"सुरुवातीला घाई करू नको," तो मोठ्यानं म्हणाला. शेजारच्या हमालानं वळून पाहिलं. "चढ आला की पावलं लहान टाक. तोंडानं श्वास घेऊ नको. भाकरी बरोबर घे, मध्ये बसून खा, बसायला लाजू नको. आणि धक्का दिसला की थांबशील, तिथंच पाय जड होतात. थांबू नको. तिथून थोडंच राहिलेलं असतं."